कालव्याकाठचा हलाल आठवडा : पनामा शहराचा एक मागोवा

मध्य अमेरिकेतील पनामा शहरात एखाद्या मुस्लिम कुटुंबाने आठवडाभर निवांत राहायचे ठरवले, तर हलाल जेवण आणि जुम्म्याची जमात, म्हणजे शुक्रवारची सामूहिक नमाज, यांसाठी आज त्याला फारशी वणवण करावी लागत नाही; मात्र ही सोय पर्यटन खात्याच्या एखाद्या योजनेतून आलेली नसून, रेल्वे, कालवा आणि करमुक्त व्यापार यांच्या ओढीने तेथे पोहोचलेल्या आशियाई माणसांनी ती स्वतःच्या रोजच्या गरजेपोटी, आणि काही काळ तर शासनाचा रोष पत्करून, उभी केली आहे. हलाल म्हणजे शरियतने अनुज्ञेय ठरवलेले. मांसाच्या बाबतीत प्राणी खाण्यास योग्य असावा, अल्लाचे नाव घेऊन त्याच्या गळ्यावरून सुरी फिरवलेली असावी आणि रक्त वाहून गेलेले असावे, अशी अट असून असे मांस ‘जबिहा’ म्हणून ओळखले जाते. ही अट पाळायची तर खाटीक, दुकानदार आणि गिऱ्हाईक अशी साखळी गावातच असावी लागते.

या भूमीवरील इस्लामच्या खुणा सोळाव्या शतकापर्यंत मागे नेल्या जातात. 1550 च्या दशकात स्पॅनिश मालकांकडून पळालेल्या आफ्रिकी गुलामांचे राज्य उभारणारा बायानो हा मांदिंगा वंशाचा मुसलमान होता, असे काही अभ्यासक मानतात. त्याचे नाव आज एका नदीला आणि सरोवराला असले, तरी त्याच्या समाजापासून आजच्या मशिदींपर्यंत अखंड धागा दाखवता येत नाही. आजच्या वस्तीचा उगम शोधायचा तर 1855 मध्ये पूर्ण झालेल्या आंतरसागरी रेल्वेकडे आणि त्यानंतरच्या कालव्याकडेच वळावे लागते. फ्रेंचांचा 1881 ते 1889 या काळातील प्रयत्न पीतज्वर, हिवताप आणि दिवाळखोरी यांनी बुडाला. 1903 मध्ये पनामा कोलंबियापासून वेगळा झाल्यावर पुढच्याच वर्षी अमेरिकेने काम हाती घेतले आणि 15 ऑगस्ट 1914 रोजी कालवा जहाजांना खुला झाला.

दोन महासागरांच्या या सांध्यावर हिंदुस्थानी माणूस मजूर म्हणून आला त्यापेक्षा ठळकपणे व्यापारी म्हणून आला. सिंधमधील हैदराबादचे ‘सिंधवर्की’, म्हणजे रेशीम आणि कलाकुसरीच्या वस्तू देशोदेशी विकणारे पेढीवाले, येथे इतके स्थिरावले की क्लोद मार्कोवित्स या इतिहासकाराने सिंधी व्यापारजाळ्यांवरील आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच बुखारा आणि पनामा ही दोन टोके घातली. 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, त्यामुळे या पेढ्यांचा इतिहास हा एका अर्थी मुंबई इलाख्याचाही इतिहास आहे, आणि मराठी इतिहासलेखनाने त्याकडे केलेले दुर्लक्ष खटकण्याजोगे आहे. हे सिंधी व्यापारी बहुतांशी हिंदू होते. मुस्लिम वस्तीचा मुख्य आधार ठरली ती दक्षिण गुजरातेतून आलेली कुटुंबे, आणि त्यांच्या जोडीला लेबनॉन व आसपासच्या प्रदेशातील अरब व्यापारी.

त्यांचे स्वागत झाले, असे म्हणता येणार नाही. 1926 च्या कायद्याने चिनी, तुर्क, सीरियन आणि हिंदुस्थानी वंशाच्या लोकांच्या आगमनावर निर्बंध घातले, आणि राष्ट्राध्यक्ष आर्नुल्फो आरियास यांच्या पुढाकाराने आलेल्या 1941 च्या राज्यघटनेने तर भारत, आशिया मायनर आणि उत्तर आफ्रिका येथील मूळ वंशांना ‘निषिद्ध’ स्थलांतरितांत गणले. आरियास त्याच वर्षी पदच्युत झाले आणि 1946 मध्ये नवी राज्यघटना आली. परंतु ज्या समाजाचे देशात असणेच घटनेने संशयास्पद ठरवले होते, त्याने आपले स्वयंपाकघर आणि आपली नमाज गाजावाजा न करता सांभाळली असेल, तर त्यात नवल नाही. पनामातील हलाल व्यवस्थेचा ठळक जाहिरातीपेक्षा ओळखीपाळखीवर अधिक भर दिसतो, त्याचे एक मूळ या काळात असावे, असा तर्क करता येतो.

परिस्थिती पालटली ती 1948 मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरील कोलोन येथे करमुक्त व्यापारक्षेत्र स्थापन झाल्यावर. लॅटिन अमेरिकेला कापड, पादत्राणे आणि विजेची उपकरणे पुरवणाऱ्या या बाजारपेठेत अरब आणि हिंदुस्थानी मुसलमानांचा वावर वाढला. पैसा स्थिरावला, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पनामा शहर व कोलोन या दोन्ही ठिकाणी मशिदी उभ्या राहिल्या. मशिदीपाठोपाठ जबिहा मांसाची दुकाने आणि खाणावळी येतात, हा क्रम येथेही चुकला नाही. याच शहरात ज्यू समाजही सधन आणि संघटित असल्यामुळे ‘कोशर’, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार सिद्ध केलेल्या, अन्नाची मोठी दुकाने येथे आहेत, आणि ती मुस्लिम प्रवाशालाही उपयोगी पडतात: तेथे डुकराचे मांस नसते, घटकपदार्थांची काटेकोर तपासणी झालेली असते. ग्रंथधारकांचे, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती लोकांचे, अन्न कुराणाने अनुज्ञेय ठरवले असल्याने काही उलेमा कोशर मांस चालते असे मानतात, तर काहींना प्रत्येक प्राण्यामागे अल्लाचे नाव घेतल्याखेरीज ते मान्य नसते. मद्य मात्र कोशर असू शकते, हे दोघांनीही ध्यानात ठेवायचे असते.

जगभर ‘हलाल पर्यटन’ ही स्वतंत्र शाखा या वस्तीपेक्षा कितीतरी नंतर आकाराला आली. मुस्लिम प्रवाशांच्या दृष्टीने देशांचा क्रम लावणारा निर्देशांक सिंगापूरच्या क्रेसेंटरेटिंग या संस्थेने मास्टरकार्डसह 2015 मध्ये सुरू केला. विमानमार्गांतही असाच उशीर झाला: दुबई ते पनामा ही एमिरेट्सची थेट सेवा 2015 मध्ये जाहीर होऊनही प्रत्यक्षात आली नाही, मात्र 2016 मध्ये तुर्किश एअरलाइन्सने इस्तंबूलहून बोगोटामार्गे पनामाची सेवा सुरू केली आणि मुंबईहून अमेरिकेत न उतरता तेथे पोहोचण्याचा एक मार्ग मोकळा झाला.

आठवड्याची आखणी करताना या इतिहासाइतकाच उपयोगी पडतो तो अक्षांश. शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे नऊ अंशांवर असल्याने वर्षभर दिवसाची लांबी जेमतेम तासाभराने बदलते. सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो आणि संध्याकाळी त्याच सुमारास मावळतो, त्यामुळे नमाजांचे वेळापत्रक लंडन-टोरांटोप्रमाणे ऋतूगणिक उलटेपालटे होत नाही. किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, येथे ईशान्येकडून पूर्वेला झुकलेली, उत्तरेपासून सुमारे बासष्ट अंशांवर येते. सफरीतील नमाज आखडती घेण्याच्या सवलतीबाबत, म्हणजे ‘कसर’बाबत, एका आठवड्याचा मुक्काम मोठा मजेशीर पेच निर्माण करतो: हनफी या सुन्नी विधिपरंपरेच्या मतानुसार पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम करणारा मुसाफिरच राहतो आणि चार रकातींऐवजी, म्हणजे नमाजेच्या आवर्तनांऐवजी, दोन पढतो, तर शाफई या दुसऱ्या परंपरेच्या मतानुसार येण्याजाण्याचे दिवस सोडून पूर्ण चार दिवस राहण्याचा इरादा असेल तर तो मुसाफिर उरत नाही आणि त्याने पूर्ण नमाज पढायची असते. गुजरातेतील बहुसंख्य मुसलमान हनफी, तर रत्नागिरी-रायगडकडील कोकणी मुसलमान शाफई. म्हणजे एकाच हॉटेलात उतरलेल्या दोन शेजारी कुटुंबांचे वेळापत्रक वेगळे असू शकते.

हाच भेद ताटातही उमटतो, आणि पनामात तो अधिक जाणवतो, कारण या शहराचे खरे वैभव मासळीत आहे. किनाऱ्यावरील मासळीबाजारात घोळीच्या कुळातील कोर्विना हा मासा लिंबाच्या रसात मुरवून केलेले ‘सेविचे’ मिळते. माशाला सुरीची अट नसल्यामुळे ते सर्वांनाच चालते. कोळंबी, माकूल, खेकडा यांची गोष्ट निराळी: शाफई मत समुद्रातील बहुतेक सर्व जीव अनुज्ञेय मानते, म्हणून कोकणी कुटुंब तेथे निर्धास्त जेवते, हनफी मत मासा वगळता इतर जलचर वर्ज्य मानते आणि कोळंबीला मासा म्हणावे की नाही यावर हनफी विद्वानांतच वाद आहे. खरी सावधगिरी लागते ती साध्या खाणावळीत, ज्यांना तेथे ‘फोंडा’ म्हणतात: सांकोचो हे कोनफळवर्गीय कंद घालून केलेले कोंबडीचे सूप पनामाची ओळख असले तरी कोंबडी जबिहा असेलच असे नाही, आणि कडधान्यात वा मक्याच्या पिठाच्या तामालमध्ये डुकराची चरबी असू शकते. कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले पाताकोनेस मात्र तेल वेगळे असल्याची विचारपूस केली की निर्वेध खाता येतात.

निवांतपणाचा अर्थ येथे ऋतू ठरवतो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडे दिवस असतात, म्हणून हिवाळी सुटी हीच सोयीची. मे ते नोव्हेंबर या काळात बहुधा दुपारनंतर पाऊस कोसळत असल्याने फिरणे सकाळीच उरकावे लागते. मिराफ्लोरेस येथील जलपाशांतून, म्हणजे जहाजे पाण्याच्या पायऱ्यांनी चढवणाऱ्या दालनांतून, मोठी जहाजे बहुधा सकाळी आणि पुन्हा दुपार कलल्यावर जातात. मधल्या विरळ वेळेत जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज आणि जेवण सहज बसते. 1673 मध्ये वसवलेल्या कास्को व्हिएहो या जुन्या शहरात उतरत्या उन्हात फिरावे. आमादोरच्या बंधाऱ्यावर, जो कालव्यातून काढलेल्या खडकांनी बांधला, वारा खात चालावे. एक दिवस ताबोगा बेटाला द्यावा, जेथे कालव्याच्या आजारी कामगारांसाठी आरोग्यधाम होते. शुक्रवार मोकळा ठेवणे मात्र कोणत्याही स्थळदर्शनापेक्षा फायद्याचे, कारण जुम्म्यानंतर मशिदीबाहेर मिळणारी खाण्यापिण्याची माहिती छापील मार्गदर्शिकेत सापडत नाही, आणि गुजराती-उर्दू कानावर पडत असल्याने भाषेची अडचणही उरत नाही.

तयारीतील एक बाब तिकिटाच्याही आधी येते. अमेरिकी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी डासांविरुद्ध मोहीम काढून 1906 पर्यंत शहरातून पीतज्वर हटवला असला, तरी पनामाच्या पूर्वेकडील जंगलात त्याचा धोका कायम मानला जातो, म्हणून तेथून भारतात परतणाऱ्याला पीतज्वर प्रतिबंधक लशीचा दाखला दाखवावा लागतो. लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली असावी लागते आणि दाखला नसल्यास मुंबईच्या विमानतळावरूनच विलगीकरणात जाण्याची वेळ येऊ शकते.