टीम बिघडली, पण कुठे?

हिंजवडीतलं ऑफिस असो की न्यू जर्सीतलं, माणसांचं एकमेकांशी जमेनासं झालं की अहवालात हमखास एकच शब्द पडतो: 'डिसफंक्शनल'. तीच माणसं चहाच्या टपरीवर फार नेमकं बोलतात. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, अमका अंग चोरतो, साहेबांपुढे कुणी तोंड उघडत नाही. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि इंग्रजीत त्यांना वेगवेगळी नावंही आहेत. 'डिसफंक्शनल' म्हणजे फक्त 'बिघडलंय'. रोग्याला ते आधीच ठाऊक असतं.

त्यांतली तीन इथे पाहू. अंग चोरण्याचा अभ्यास सर्वांत जुना. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. 1913 साली छापलेल्या त्याच्या आकड्यांनुसार दोघांनी मिळून ओढलं तर प्रत्येकाचा जोर एकट्याच्या 93 टक्के भरे. आठ जण झाले की 49 टक्के. रिंगेलमानला यात मुख्य दोष वाटला तो एकाच क्षणी जोर न लागण्याचा. पण 1979 साली मानसशास्त्रज्ञ बिब लाटाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत माणसांच्या डोळ्यांवर पट्ट्या आणि कानांवर हेडफोन लावून त्यांना ओरडायला सांगितलं. आपल्याबरोबर आणखी लोक ओरडताहेत, अशी नुसती समजूत करून दिली तरी आवाज उतरला. याला त्यांनी 'सोशल लोफिंग' म्हटलं. आपल्याकडचा नाक्यावरचा लोफर इथे डोळ्यांपुढे आणू नये. ही चांगली, कामसू माणसंच होती. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की ती पुन्हा पूर्ण जोर लावतात, असं पुढच्या प्रयोगात दिसलं.

दुसरा शब्द 'सायलो'. मूळ अर्थ धान्य साठवायची उंच, बंद कोठी. प्रत्येक विभाग आपापल्या कोठीत चोख काम करतो आणि शेजारच्या कोठीत काय भरलंय हे त्याला माहीत नसतं. 23 सप्टेंबर 1999 रोजी नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' मंगळाजवळ पोहोचलं आणि नाहीसं झालं. यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीचं सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या रेट्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं. यान चालवणाऱ्या नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत ते न्यूटन-सेकंद समजून वापरले जात होते. फरक सुमारे साडेचार पटींचा. यान ठरल्यापेक्षा कितीतरी खालून, मंगळाच्या वातावरणात शिरलं. या गोष्टीतलं एकक सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण खरी गोम पुढेच आहे. काहीतरी जुळत नाही, ही शंका मार्गनिर्देशन करणाऱ्यांना वाटेतच आली होती. ती रीतसर नोंदीच्या वाटेने वर गेलीच नाही. इथे कुणी आळशी नव्हतं, भांडणही नव्हतं. अशा टीमला सहलीला नेऊन काय साधणार? त्यांना दोन कोठ्यांच्या मधे दार हवं होतं.

ज्याचं नाव घ्यायला सगळे कचरतात ते दुखणं म्हणजे 'ऑथॉरिटी ग्रेडियंट', वरचा आणि खालचा यांच्यातला चढ. 28 डिसेंबर 1978 रोजी युनायटेड एअरलाइन्सचं 173 क्रमांकाचं विमान अमेरिकेत पोर्टलंडवर जवळपास तासभर घिरट्या घालत राहिलं. चाकं नीट उघडली आहेत का, यात कॅप्टन गुंतला होता. इंधन उतरत चाललंय हे फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं, त्याने ते बोलूनही दाखवलं, पण 'आता उतरायलाच हवं' असं ठणकावून कुणी म्हटलं नाही. इंजिनं बंद पडली, विमान वस्तीत कोसळलं. 189 पैकी 10 जण दगावले. कॅप्टन अनुभवी होता. माझ्या मते तोच अनुभव आड आला: एवढ्या जाणत्या माणसाला आपण काय सांगायचं?

चौकशीनंतर 1981 साली युनायटेडने नव्या पद्धतीचं प्रशिक्षण सुरू केलं. कॅप्टनने हाताखालच्यांचं ऐकायचं आणि हाताखालच्यांनी ठामपणे बोलायचं, हा त्याचा गाभा. 'कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट' या नावाने सुरू झालेली ही शिस्त पुढे केबिनमधल्या कर्मचाऱ्यांपर्यंत गेली, तसं 'कॉकपिट' जाऊन 'क्रू' आलं. आज ती जगभरच्या वैमानिकांना शिकावीच लागते. अप्रेझलच्या फॉर्मात मात्र 'ऑथॉरिटी ग्रेडियंट' सहसा सापडत नाही. फॉर्म भरणारे बहुधा कॅप्टनच असतात.