खोडदच्या तबकड्या आणि पोटातला नेम

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण काही नवी नाही. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. आकाशातली रेडिओ लहर प्रत्येकीवर वेगळ्या क्षणी पोचते. तो फरक हिशेबात धरून सगळ्यांचे संकेत जुळवले की नजर एका जागी रोखता येते. सोनोग्राफीच्या मुठीत मावणाऱ्या प्रोबमध्ये हेच गणित चालतं. आतल्या बारीक स्फटिकांपैकी कोणी किती उशिरा थरथरायचं, यावर ध्वनीचा झोत कुठे एकवटेल ते ठरतं. फरक एवढाच, की खोडद नुसतं ऐकतं. प्रोब आधी हाक मारतो. दहा सेंटिमीटर खोलवरचा प्रतिध्वनी 130 मायक्रोसेकंदांत परत येतो.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला ‘गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी आठवते. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर रेडिएशन देतानाही सोनोग्राफी कामाला येते, हे सहसा कानावर येत नाही. प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाखाली, गुदाशयाला लागून असते. मूत्राशय भरलं, पोटात गॅस झाला, की ती काही मिलिमीटर सरकते. एक्स-रेत हाडं दिसतात, ग्रंथी नाही. उपचार मात्र कित्येकदा वीस-वीस बैठकांचा. नेम हुकला तर मारा गुदाशयाच्या भिंतीवर, आणि मग शौचावाटे रक्त. म्हणून रोज ग्रंथी आज कुठे आहे ते पाहायचं, त्याप्रमाणे टेबल सरकवायचं, मगच किरण सोडायचे.

सोनोग्राफीने पोटावरून पाहायचं तर मूत्राशय भरलेलं हवं. ध्वनी त्यातूनच नीट खाली उतरतो. मंचरहून चाकणची कोंडी पार करून पुण्यात पोचलेल्या आजोबांनी आधी लघवी करायची, मग अर्धा लिटर पाणी पिऊन थांबायचं. वय सत्तर, प्रोस्टेटचा त्रास आणि लघवी रोखून धरायची! त्यात नंबर लांबला की बघायलाच नको.

शिवाय एक गोम आहे. प्रोब पोटावर दाबला की ग्रंथीच थोडी सरकते, आणि प्रत्येकाचा हात वेगळा. यावर तोड म्हणून मांड्यांमधल्या जागेतून, किरण चालू असतानाही पाहणारे प्रोब निघाले. तरी अनेक केंद्रांनी ग्रंथीत सोन्याचे बारीक खुणेचे तुकडे बसवणं किंवा मशिनवरच सीटी काढणं पसंत केलं. मला विचाराल तर बाहेरून द्यायच्या रेडिएशनमध्ये सोनोग्राफी पाहुणीच राहिली.

तिचं खरं घर ब्रॅकीथेरपीत, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत थेट ग्रंथीत ठेवण्याच्या उपचारात. 1983 मध्ये कोपनहेगनच्या हॉल्म आणि सहकाऱ्यांनी गुदाशयातल्या प्रोबवर पाहत, सुयांनी आयोडीन-125 ची बीजं प्रोस्टेटमध्ये पेरण्याची पद्धत मांडली. या आयोडीनचा अर्धायुकाल सुमारे 60 दिवस. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही अशी बीजं तयार केली आहेत. पडद्यावर सुईचं टोक पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकतं. ते आखलेल्या जागेपासून ढळलेलं दिसलं, तर बीज सोडण्याआधीच सुई मागे घेऊन पुन्हा घालता येते.