एक टीव्ही, अनेक उपकरणं: घरातल्या सगळ्यांना जमेल अशी जोडणी



कोल्हापूरला पडद्याचं वेड नवं नाही. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी याच गावात सुरू झाली. आता पडदा घराघरात भिंतीवर आला आहे आणि त्याच्या मागे वायरींचा गुंता आहे. सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटवरचे चित्रपट बघायची स्टिक, मुलाचा लॅपटॉप किंवा गेमचा कन्सोल, आणि वर साउंडबार. हा गुंता आज आपण सोडवून बघू.

या कामासाठी आम्ही लोकांच्या घरी जातो तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "टीव्ही बिघडला". जाऊन बघावं तर टीव्ही ठणठणीत. झालेलं असतं काय, की रात्री नातू गेम खेळला आणि तसाच टीव्ही बंद करून झोपला. सकाळी आजींनी टीव्ही लावला तर पडद्यावर 'नो सिग्नल'. आजी सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटची बटणं दाबत बसतात, पण टीव्ही अजून कन्सोलच्याच पोर्टवर थांबलेला असतो. मुलगा पुण्याला, सून कामावर. संध्याकाळपर्यंत आजींचा टीव्ही बंद. म्हणून जोडणी चांगली झाली की नाही, हे वायरींवरून ठरवू नका. दुपारी घरात एकटं असणाऱ्या माणसाला टीव्ही लावता येतो का, यावरून ठरवा.

आधी मागची बाजू बघा

काहीही विकत आणण्याआधी टीव्हीच्या मागची आणि बाजूची पोर्ट मोजा. चपटं, खालचे दोन कोपरे तिरके असलेलं पोर्ट म्हणजे एचडीएमआय. त्याची पहिली आवृत्ती २००२ च्या डिसेंबरमध्ये आली. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून जातात, हा त्याचा मोठा फायदा. पिवळी, लाल, पांढरी अशी तीन पिनांची वायर त्याच्या आधीची. तिच्यातून जास्तीत जास्त ५७६ ओळींचं चित्र येतं. फुल एचडी टीव्हीला १०८० ओळी असतात. बॉक्स एचडी, पॅकचे पैसेही एचडीचे, पण वायर तीन पिनांची, अशी घरं आम्ही बरीच बघितली. पैसे एचडीचे जातात आणि चित्र साधंच दिसतं! तेव्हा आज घरी गेलात की आधी ही वायर तपासा. आणि एचडी चॅनेलचा नंबर वेगळा असतो, तोही बघून घ्या.

एचडीएमआयची पोर्ट दोन आणि उपकरणं चार, अशी अडचण आली की लोक दुकानात जाऊन "एकाची दोन करणारी डबी द्या" म्हणतात. इथेच घोटाळा होतो. या डब्या दोन प्रकारच्या असतात. अनेक उपकरणं एका टीव्हीला जोडतो तो स्विच. एक उपकरण अनेक टीव्हींना जोडतो तो स्प्लिटर. घरात आपल्याला हवा असतो स्विच. स्प्लिटर आणला तर तो उलटा जोडून चालत नाही आणि पैसे वाया जातात.

आवाजाचा रस्ता वेगळा काढा

चित्राचा रस्ता ठरला, आता आवाजाचा. टीव्हीच्या एका एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' असं लिहिलेलं असतं. २००९ साली आलेल्या १.४ आवृत्तीपासून ही सोय मिळाली. या पोर्टमधून आवाज टीव्हीतून बाहेर साउंडबारकडे जाऊ शकतो. म्हणून सोपी मांडणी अशी: सगळी उपकरणं टीव्हीला, आणि टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून एक वायर साउंडबारला. मग काहीही लावलं तरी आवाज साउंडबारमधूनच येतो. एआरसीचं पोर्ट मात्र दुसऱ्या कशाला देऊ नका. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी चालू करा: आवाज बाहेर पाठवण्याचा पर्याय आणि सीईसी. हे सीईसी प्रत्येक कंपनी वेगळ्या नावानं देते. सॅमसंगचं एनीनेट प्लस, सोनीचं ब्राव्हिया सिंक, एलजीचं सिंपलिंक. ते चालू असलं की टीव्हीच्याच रिमोटनं साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. एक रिमोट कमी झाला, म्हणजे आजींचं अर्धं काम सोपं झालं.

नेहमी फसवणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, स्टिक मधूनमधून आपोआप बंद होऊन परत सुरू होणं. बऱ्याचदा स्टिक खराब नसते. ती टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर चालवलेली असते आणि तिथून तिला पुरेशी वीज मिळत नाही. तिचा स्वतःचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच संपतं.

दुसरी, मोबाईल वायरीनं टीव्हीला जोडणं. मोबाईलला टाइप-सी पोर्ट आहे म्हणून चित्र बाहेर येईलच असं नाही. अनेक मोबाईलचं पोर्ट फक्त चार्जिंग आणि फाइली पाठवण्यापुरतं असतं. कन्व्हर्टर घेण्याआधी आपल्या मॉडेलच्या माहितीत 'डिस्प्ले पोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' आहे का, ते बघा. नसेल तर वायफायवरून पडदा दाखवण्याचा मार्ग आहेच.

मॅचचं काय?

शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने बघत वाढलेलं हे गाव. वर्ल्डकप आला की गल्लीत, तालमीत मोठा पडदा लागतोच. १८ डिसेंबर २०२२ ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल आठवते ना? तीन-तीन बरोबरी आणि शेवटी पेनल्टी. अशा वेळी शेजारच्या गल्लीत फटाके वाजतात आणि आपल्या पडद्यावर खेळाडू अजून चेंडूकडे धावत असतो! टीव्हीत बिघाड नाही. इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण तुकड्यातुकड्यानं साठवून दाखवलं जातं, त्यामुळे ते केबल किंवा डिशच्या मागे राहतं, कधी अर्धा मिनिटसुद्धा. मॅच बॉक्सवर दिसत असेल तर बॉक्सवरच लावा. आणि मंडपात लांब वायर टाकायची असेल तर साधी एचडीएमआय वायर १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची नसते. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय वायर घ्या. तिची दिशा ठरलेली असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं, ते वाचूनच लावा. मंडप भरल्यावर वायर उलटी निघाली तर काय होतं, ते आम्ही अनुभवलंय.

पावसाचंही एक सांगतो. जोराच्या पावसात डिशचं चित्र जातं, कारण पावसाचे थेंब उपग्रहाचा सिग्नल शोषतात. वायरी हलवू नका, पाऊस ओसरला की चित्र येतं. पण वीज कडकडायच्या आधी टीव्हीचा आणि बॉक्सचा प्लग काढा, गच्चीवरून येणारी डिशची वायरही काढून ठेवा. एचडीएमआयनं सगळी उपकरणं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे एका वायरीतून आलेला झटका सगळ्यांना बाधू शकतो.

शेवटचं काम

सगळं जोडून झाल्यावर सेट-टॉप बॉक्स कायम एक नंबरच्या एचडीएमआय पोर्टवर ठेवा. बऱ्याच टीव्हींत पोर्टांना नावं देता येतात, ती द्या. वायरीच्या टोकाला कागदी पट्टी चिकटवा. टीव्हीच्या रिमोटवरच्या 'सोर्स' बटणाला रंगीत टिकली लावा. आणि मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहून ठेवा: टीव्ही चालू करा, टिकलीचं बटण दाबा, एक नंबर निवडा.

मग रिमोट आईच्या किंवा आजीच्या हातात द्या आणि आपण गप्प बसा. मुद्दाम कन्सोलवर ठेवून टीव्ही बंद करा आणि त्यांना लावू द्या. तीन वेळा त्यांनी न विचारता लावला, की समजा जोडणी झाली. नाही जमलं, तर चूक त्यांची नाही, आपल्या मांडणीत अजून काहीतरी जास्तीचं आहे. ते काढा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.