नजर, मोह आणि मुक्ती

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळत होता आणि संमेलननगरीला नाव होते संत गोरोबाकाकांचे. 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा धर्मगुरू आणि तेरचा कुंभार संत यांची नावे अशी एका मांडवाखाली आली. आज धाराशिव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला तो योग सहज वाटला असेल. परंतु या दोन परंपरांना जोडणारी एक प्रतिमा आहे व ती आजच्या एका अवघड प्रश्नावर प्रकाश टाकते. ती प्रतिमा म्हणजे तोडलेला हात.

गोरोबाकाकांची कथा महिपतींनी 'भक्तविजया'त सांगितली आहे. पत्नीने विठ्ठलाची आण घातल्यामुळे काकांनी तिला स्पर्श न करण्याचे ठरविले. पुढे दुसरा विवाह झाला. परंतु दोघी बहिणींना सारखेच वागवा, असे सासऱ्याने बजावल्यामुळे तीच आण दुसरीलाही लागू झाली. एका रात्री दोघींनी झोपेतल्या काकांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जाग येताच त्यांनी ते हातच तोडून टाकले. इथे प्रश्न मोहाचा नव्हे, शब्द पाळण्याचा होता. तरीही ही कथा ऐकताना बायबलच्या वाचकाला डोंगरावरील प्रवचन आठवल्याशिवाय राहत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की परस्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलेलाच असतो. उजवा डोळा पापाला कारण होत असेल तर तो उपटून टाकावा, उजवा हात कारण होत असेल तर तो तोडून टाकावा.

हे शब्द अक्षरशः घ्यायचे काय? तिसऱ्या शतकातील विद्वान ओरिजेन याने तरुणपणी अशाच एका वचनाचा शब्दशः अर्थ घेऊन स्वतःला नपुंसक करून घेतले, असे युसेबियस हा चर्चचा आद्य इतिहासकार नमूद करतो. चर्चने मात्र हा मार्ग मान्य केला नाही. इ. स. ३२५ मधील नायसिया धर्मपरिषदेच्या पहिल्याच नियमाने, निरोगी असताना स्वतःचे अंग छेदणाऱ्याला धर्मगुरूपदासाठी अपात्र ठरविले. शरीर ही देवाची निर्मिती आहे. ते शत्रू नव्हे, हा त्यामागचा विचार. मग तोडायचे ते काय? मोबाइलच्या पडद्यावर अश्लील चित्रफिती हाताच्या अंतरावर आल्या आहेत, त्या काळात हा प्रश्न केवळ धर्मपंडितांचा उरलेला नाही.

पाहणे आणि वापरणे

ख्रिस्ती धर्माला कामभावनाच अमंगळ वाटते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. बायबलमध्ये 'गीतरत्न' हे प्रेमिकांच्या परस्पर ओढीचे काव्य समाविष्ट आहे. विवाहातील शरीरसंबंधाला ही परंपरा पवित्र मानते. सौंदर्य दिसणे, मन आकर्षित होणे हे पाप नव्हे. पाप सुरू होते ते समोरच्या व्यक्तीची वस्तू होते तेव्हा. 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात स्त्री व पुरुष देवाच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण झाल्याचे म्हटले आहे. ज्याच्या ठायी देवाची प्रतिमा आहे, त्याला उपभोगाचे साधन कसे करता येईल, हा ख्रिस्ती नीतिविचाराचा मूळ प्रश्न आहे.

'पोर्नोग्राफी' या शब्दाची व्युत्पत्तीही हेच सुचविते. ग्रीक भाषेत 'पोर्ने' म्हणजे वेश्या, आणि हा शब्द 'विकणे' या अर्थाच्या धातूशी निगडित आहे. विकल्या गेलेल्या व्यक्तीचे चित्रण, असा त्याचा मूळ आशय. पडद्यावरील शरीरामागे एक नाव असते, घर असते, कधी कधी बळजबरीही असते. पाहणाऱ्याला यांपैकी काहीच दिसत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने म्हणूनच अश्लील चित्रणाचा दोष केवळ पाहणाऱ्यावर ठेवलेला नाही. त्यात काम करणारे, ते विकणारे आणि पाहणारे अशा सर्वांच्याच प्रतिष्ठेला ते इजा पोहोचविते, अशी त्याची मांडणी आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९७९ ते नोव्हेंबर १९८४ या काळात १२९ व्याख्यानांतून मानवी देहाचे धर्मचिंतन मांडले. त्यांच्या विचारात प्रेमाचा विरोधी शब्द द्वेष हा नसून 'वापर' हा आहे. देह दानासाठी आहे आणि दान व्यक्तीच व्यक्तीला देऊ शकते. पडद्यावरील प्रतिमा काहीच मागत नाही, रुसत नाही, थकत नाही. तिची सवय जडलेल्याला जिवंत जोडीदाराचे मन समजून घेण्याचे कष्ट नकोसे वाटू लागतात. ही हानी घराच्या चार भिंतींआड होते आणि तिची झळ अनेकदा काहीच माहीत नसलेल्या पत्नीला किंवा पतीला पोहोचते.

पळून जाण्यातील शौर्य

मोहाशी सामना कसा करावा, याबाबत बायबलचा सल्ला प्रथमदर्शनी भित्रेपणाचा वाटतो : पळून जा. मिसर देशात पोटीफरच्या पत्नीने योसेफाचे वस्त्र धरले, तेव्हा तो वस्त्र तिच्या हाती सोडून पळाला. करिंथ या गजबजलेल्या व्यापारी नगरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिताना पौलानेही जारकर्मापासून दूर पळण्यास सांगितले. याउलट दावीद राजा. राजवाड्याच्या गच्चीवरून त्याने स्नान करणारी बथशेबा पाहिली. तो थांबला, चौकशी केली, तिला बोलावून घेतले. शेवट तिच्या पतीच्या हत्येत झाला. योसेफ दावीदापेक्षा बलवान होता असे नव्हे. तो थांबला नाही, एवढाच फरक.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तपस्व्याने मनात येणाऱ्या दुर्विचारांचा बारकाईने अभ्यास केला. विचार मनात येणे आपल्या हाती नाही. तो तेथे रेंगाळू द्यायचा की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे, असा त्याचा निष्कर्ष. लढाई जिंकायची ती पहिल्या पायरीवरच. आजच्या भाषेत सांगायचे, तर रात्री अकरा वाजता एकटेपणी हातात मोबाइल घेऊन 'मी पाहणार नाही' अशी शपथ घालण्यापेक्षा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणे अधिक शहाणपणाचे. येशूने सांगितलेला हात तोडणे म्हणजे नेमके हेच : पापापर्यंत पोहोचणारी वाट तोडणे, मग ती वाट उजव्या हाताइतकी उपयोगाची असली तरी. कंटाळा, थकवा, अपमान, एकाकीपणा यांपैकी कोणत्या क्षणी पाय घसरतो, हे ओळखणेही त्यातच आले. येशू संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी दिवसातून दोनदा अशा एकाच दोषाचा हिशेब तपासण्याचा परिपाठ घालून दिला होता.

गुप्ततेचा फास

याच इग्नेशियसांनी मोहाला चोरट्या प्रियकराची उपमा दिली आहे. आपले बोलणे गुप्त राहावे, एवढीच त्याची इच्छा असते. ते उघड झाले की त्याचा डाव फसतो. अश्लील चित्रफितींची सवय नेमकी याच गुप्ततेवर पोसली जाते. पाहणे, शरम वाटणे, शरमेने एकाकी होणे आणि त्या एकाकीपणावर उतारा म्हणून पुन्हा पाहणे, असे हे चक्र आहे. ते शरमेने तुटत नाही, बोलण्याने तुटते. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाचा संस्कार आहे आणि तेथे ऐकलेले कोणालाही सांगण्यास धर्मगुरूला सक्त मनाई आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासू व्यक्तीजवळ मन मोकळे करण्यावर भर असतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये रोममधील धर्मगुरू व धर्मविद्यार्थ्यांशी बोलताना, हे व्यसन धर्मगुरू आणि धर्मभगिनींमध्येही आहे, अशी स्पष्ट कबुली दिली आणि मोबाइलमधून असले काही काढून टाकण्यास सांगितले. या कबुलीचे मोल मोठे आहे. गुप्ततेने चर्चचेच किती नुकसान केले, हे बालकांवरील अत्याचारांच्या प्रकरणांनी जगाला दाखविले आहे. इतरांना संयम शिकविणाऱ्या संस्थेने आधी स्वतःकडे पाहावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराची नोंद आहे. मात्र केवळ नैतिक अपराधभावनेतून होणारा त्रास म्हणजे हा विकार नव्हे, असेही तेथे स्पष्ट केले आहे. प्रत्येक स्खलन हा आजार नसतो आणि प्रत्येक आजार केवळ प्रार्थनेने बरा होत नाही. नोकरी, अभ्यास, संसार यांवर परिणाम होऊनही थांबता येत नसेल, तर धर्मगुरूबरोबरच मानसोपचारतज्ज्ञाकडेही जावे. दुसरी गोष्ट कायद्याची. बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण हा गंभीर गुन्हा आहे. ते जवळ बाळगणेही कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात म्हटले आहे. तेथे 'माझा खासगी प्रश्न' हा युक्तिवाद उरत नाही.

ख्रिस्ती विचाराचा शेवट मात्र निषेधात होत नाही. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला धोंडमार करायला निघालेल्यांना येशूने आधी स्वतःचे अंतरंग तपासायला लावले. त्यानंतर त्या स्त्रीला त्याने दोषी ठरविले नाही आणि पुन्हा पाप करू नकोस, असेही सांगितले. क्षमा आणि अपेक्षा दोन्ही एकत्र. पुन्हा पडलेल्याने पुन्हा उठावे, एवढाच या परंपरेचा आग्रह आहे, कारण उठण्याचे बळ केवळ त्याचे स्वतःचे नसून ते देवाच्या कृपेचे आहे, अशी तिची श्रद्धा आहे.

गोरोबाकाकांच्या कथेलाही उत्तरार्ध आहे. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात नामघोष चालू असताना त्यांचे तुटलेले हात पुन्हा उगवले, असे परंपरा सांगते. ते हात आले एकांतात नव्हे, तर टाळ्या वाजविणाऱ्या भक्तांच्या मेळ्यात. मोहाशी एकट्याने झुंजून थकलेल्या माणसासाठी तेरच्या या कथेत आणि डोंगरावरील त्या प्रवचनात एकच दिलासा आहे : तोडावे लागते ते हात कायमचे गमावण्यासाठी नव्हे, तर ते स्वच्छ होऊन परत मिळावेत म्हणून.