ओल्या मातीची ‘स्मृती’ आणि संगणकाचा हिशेब

गावाच्या पाणीपुरवठ्याची जुनी नळवाहिनी नेमकी कोठून जाते हे कागदोपत्री सापडत नाही, तेव्हा रस्ता खोदण्यापूर्वी जमिनीत विद्युतचुंबकीय लहरींचा स्पंद सोडून तिचा शोध घेता येतो. या साधनास भूवेधी रडार म्हणतात. नळावर आदळून लहर परतते. यंत्र तिला लागलेला वेळ तेवढा नोंदवते. खोली ठरवायची तर लहरीचा मातीतील वेग ठाऊक असावा लागतो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

कोरड्या वाळूत ही लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागात, सुमारे १५ सेंटीमीटर जाते. चिंब मातीत जेमतेम ६. प्रतिध्वनी २० नॅनोसेकंदांनी आला, तर कोरड्या जमिनीत नळ दीड मीटर खोल असेल आणि ओल्या जमिनीत अवघा ६० सेंटीमीटर. पहिला आकडा धरून निर्धास्तपणे चर खणणारे यंत्र दोन फुटांवरच नळ फोडील!

हा फरक पाण्यामुळे पडतो. पाण्याच्या रेणूचे एक टोक धनभारित तर दुसरे ऋणभारित असते. लहर येताच रेणू तिच्या दिशेने वळू पाहतात आणि तिची गती मंदावते. हा परिणाम ज्या अंकाने मोजतात त्यास विद्युत् अपारक स्थिरांक असे नाव आहे. कोरड्या वाळूसाठी तो ४ च्या आसपास, तर पाण्यासाठी सुमारे ८० असतो. मात्र नावात ‘स्थिर’ असले तरी हा अंक स्थिर नाही. लहरीची वारंवारिता वाढली की रेणूंना तितक्या त्वरेने वळणे जमत नाही. वीस अब्ज आवर्तनांच्या सुमारास पाण्याचा अंक जवळजवळ निम्म्यावर येतो. दृश्य प्रकाशासाठी तर तो दोनाहूनही कमी आहे. पीटर डिबाय यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या मागे पडण्याचे गणित मांडले. लोलकातून प्रकाशाचे सात रंग वेगळे होतात ते अपस्करण शिक्षक वर्गात दाखवतातच. ओल्या मातीत रडारच्या स्पंदाचे होते तेही अपस्करणच. स्पंदात अनेक वारंवारिता एकत्र असतात. त्या निरनिराळ्या वेगाने जातात, त्यांतील उच्च वारंवारिता अधिक शोषल्या जातात, आणि परतणारा स्पंद पसरट व क्षीण होतो. आपल्याकडील काळ्या मातीत हे विशेष जाणवते. तिच्यातील चिकणकणांना घट्ट धरलेले पाणी मोकळ्या पाण्यापेक्षा सावकाश वळते, आणि ओल्या चिकणमातीत रडारची दृष्टी पुष्कळदा एक मीटरही पोहोचत नाही.

यंत्र शेतात वा रस्त्यावर नेण्यापूर्वी त्याला काय दिसेल याची चाचणी संगणकावर घेता येते. केन यी यांनी १९६६ मध्ये त्यासाठी एक सुबक रीत दिली. जमिनीचे लहान लहान घनांत विभाजन करावयाचे, काळाचेही बारीक तुकडे पाडावयाचे आणि मॅक्सवेलच्या समीकरणांनुसार लहर एका घनातून दुसऱ्या घनात पुढे सरकवीत न्यावयाची. घनाची बाजू निम्मी केली तर घन आठपट होतात, काळाचे टप्पेही दुप्पट होतात. काम सोळापट वाढते. ओल्या मातीत तरंगलांबी आखूड होत असल्याने घन लहान ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

त्यात अपस्करणाची भर पडते. रेणू वळण्यास विलंब लावतात, याचा अर्थ मातीचा या क्षणीचा प्रतिसाद मागील सर्व क्षणांवर अवलंबून असतो. मातीला जणू स्मृती असते. प्रत्येक घनाचा सारा इतिहास साठवू गेल्यास मोठा संगणकही अपुरा पडेल.

यावरील तोड ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत रोज दिसते. आजची शिल्लक काढण्यासाठी कोणी वर्षारंभापासूनच्या पावत्या पुन्हा बेरजेस घेत नाही. कालची शिल्लक पुढे ओढून तीत आजची जमा मिळवतो. डिबाय यांच्या नियमानुसार जुना परिणाम दर टप्प्यास ठराविक प्रमाणात घटत जातो. म्हणून मागील शिल्लक एका ठराविक अपूर्णांकाने गुणावी, तीत चालू क्षणाची भर घालावी, की झाले. प्रत्येक घनामागे इतिहासाऐवजी एकच शिल्लक सांभाळावी लागते (लहरीच्या तीन दिशा धरल्यास तीन). रेमंड ल्युबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही युक्ती यींच्या रीतीस जोडली. मोकळे पाणी आणि चिकणकणांना बांधलेले पाणी यांचा विलंब निराळा, तेव्हा त्यांची खाती निराळी उघडावयाची, इतकेच.

अपस्करण न धरता केलेली चाचणी प्रत्यक्षाहून ठळक आणि रेखीव प्रतिध्वनी दाखवते. तिच्यावर विसंबून यंत्राची निवड केली, तर काळ्या रानात पावसाळ्यानंतर पडद्यावर काहीच दिसत नाही आणि दोष मात्र चालकाच्या माथी येतो.

अशा चाचण्यांसाठी जीपीआरमॅक्स ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध असून अपस्करणशील मातीची सोय तीत आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्यातील मातीवर ती चालवून पाहता येईल. मात्र ओलाव्याचे आकडे त्या जागेचे आणि त्याच हंगामाचे हवेत. कामाच्या ठिकाणी एखादी झडप वा मोरी ज्ञात खोलीवर असेल, तर प्रथम तिच्यावर रडार फिरवून लहरीचा वेग पडताळून घ्यावा आणि मगच चराची आखणी करावी.