पणजीचं नाव पाळण्यात

मुलीचं नाव ‘गोदावरी’ ठेवायचं ठरलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, काय गोड आणि वेगळं नाव आहे! दुसऱ्या तटावर बहुधा आजी असते. ती कपाळाला हात लावते, “अगं, आम्ही कशाबशा सुटलो त्यातून, पोरीला कशाला अडकवता?” तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. मुलाला जुनं, आज कानावर न पडणारं नाव द्यावं की नाही, या वादात तिच्याकडे असलेली माहिती पुष्कळदा आईबापांकडे नसते.

जुनं म्हणजे किती जुनं?

जुन्या मराठी नावांचे थर आहेत. सगळ्यांत जाड थर देवांचा, संतांचा, नद्यांचा आणि तीर्थांचा: पांडुरंग, खंडेराव, तुकाराम, मुक्ता, जनाबाई, यमुना, भागीरथी, काशी, द्वारका. त्यावर कुसुम, मालती, शालिनी, वसंत, शरद, प्रभाकर यांचा थर. आज ही नावं ऐकली की डोळ्यांसमोर चष्मा आणि औषधांचा डबा येतो, पण आपल्या काळात तीच नवी कोरी होती. भागीरथीच्या घरात पहिली मालती आली, तेव्हा कुणीतरी नाक मुरडलंच असेल. आजची मायरा आणि विहानही साठ वर्षांनी त्याच रांगेत बसतील.

गंमत अशी की सगळी जुनी नावं सारखी जुनी होत नाहीत. माधव, राघव, मुक्ता, रमा ही नावं अधूनमधून धूळ झटकून परत येतात. ती आखूड आहेत, त्यांत जोडाक्षरांची गर्दी नाही आणि मुख्य म्हणजे त्यांना कुणी कधी हसलं नाही. विश्वंभर आणि त्र्यंबक मात्र अजून माळ्यावरच आहेत.

आजोबांचं नाव नातवाला

एकेकाळी नाव शोधण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. आजोबांचं नाव नातवाकडे यायचं. पेशव्यांकडे बघा: बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव आणि बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. हा दुसरा बाळाजी इतिहासात ‘नानासाहेब’ म्हणून ओळखला जातो.

अशा टोपणनावांची गरज घरोघरी होती, कारण सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. मुलाचं नाव तेच असेल तर आईने त्याला हाक कशी मारायची? मग बाळ, नाना, आबा, बापू, अण्णा अशी नावं चिकटायची आणि जन्मभर राहायची. घरात पाच वर्षांचा ‘आबा’ असणं कुणालाच विचित्र वाटत नसे. म्हणजे जड नाव मुलाने रोज वापरावं, अशी अपेक्षा जुन्या लोकांनीही केली नव्हती. ते नाव कागदावर आणि संकल्पात असायचं.

दगड, धोंडा आणि नकुशा

काही नावं कौतुकाने ठेवलेलीच नव्हती. आधीची मुलं दगावलेली असली की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू, भिकाजी म्हणायचे. इतक्या क्षुद्र वस्तूकडे दृष्ट किंवा मृत्यू कशाला फिरकेल, हा त्यामागचा हिशोब. अशा नावाने माणूस लहान होतो असं मात्र नाही. धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले आणि १९५८ मध्ये भारतरत्न झाले.

मुलींच्या बाबतीत हिशोब उलटा होता. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीला ‘नकुशा’ म्हणायचे, म्हणजे नकोशी. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली. तेव्हा ‘गावरान वाटतं म्हणून आवडलं’ एवढ्यावर नाव उचलण्याआधी ते कशासाठी ठेवलं जायचं, हे विचारून घेतलेलं बरं.

ज्यांनी जुनी नावं मुद्दाम टाकली

आजीच्या कपाळावरच्या हाताचा खरा अर्थ इथे कळतो. गावात नाव आणि ते हाकारण्याची तऱ्हा यांवरून माणसाची पायरी ठरायची. एकाचा ‘धोंडोपंत’ व्हायचा, दुसऱ्याचा ‘धोंड्या’. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावं ठेवली जाऊ लागली, ती नुसती फॅशन म्हणून नव्हे. पाळण्यातल्या मुलाला कुणी ‘ए धोंड्या’ म्हणू शकणार नाही, याची ती तजवीज होती. आणि वयाने बघाल तर गौतम हे नाव धोंडूपेक्षा कितीतरी जुनं!

म्हणून मला वाटतं, जुन्या नावाची हौस ज्याला त्या नावाचा चटका बसलेला नाही त्यालाच परवडते. शहरातल्या सुखवस्तू घरात ‘सखाराम’ कलात्मक वाटतो. ज्याच्या आजोबांना ‘सख्या’ म्हणून अंगणाबाहेर उभं केलं गेलं, त्याच्या कानाला ते तसं लागणार नाही. हौस करू नये असं नव्हे, पण ही आपली ‘संस्कृती’ म्हणून दुसऱ्याला ऐकवू नये.

हजेरीपट आणि पासपोर्ट

व्यवहारातल्या अडचणी त्यामानाने किरकोळ, पण रोजच्या. ‘ज्ञ’ आपण रोमन लिपीत डी-एन-वाय असा लिहितो. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या ज्ञानदाला लोक ‘डन्यानदा’ करतात आणि ती बिचारी जन्मभर दुरुस्त करत राहते. ‘ळ’ तर परदेशात पोचतच नाही. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्राच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नावही येतं: आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. पहिलंच नाव पाच अक्षरी असेल तर अर्जातल्या चौकटी मोजून घ्या.

घाई मात्र नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली तरी नाव नंतर भरता येतं, वर्षाच्या आत विनाशुल्क. दाखल्यावर एकदा चढलेलं नाव बदलणं म्हणजे राजपत्रापर्यंतची पायपीट.

परंपरेतही एक पळवाट आहे. बारशाला ताटातल्या तांदळांत सोन्याच्या अंगठीने कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी चार नावं लिहायची पद्धत आहे. पणजोबांचा त्र्यंबक तिथे सुखाने बसू शकतो. नक्षत्राच्या अक्षरावर फार अडून राहू नये. आर्द्रेच्या चार अक्षरांत एक ‘ङ’ आहे. त्यावरून नाव शोधून दाखवावं कुणी!

पणजीचं कोणतं नाव?

जुन्या नावाच्या बाजूने मला पटलेलं कारण एकच: त्या नावामागे कुणी माणूस असावा. मुलाने ‘माझं नाव असं का?’ विचारलं की सांगायला गोष्ट हवी. ‘यादीत वेगळं वाटलं’ ही गोष्ट होत नाही.

पणजीच्या बाबतीत पंचाईत आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुनाच. लग्नात नाव बदललं की आधीचं पुसलं जायचं. घरच्या वंशावळीत बाईचं नाव असलंच तर ते सासरचं, आणि पुष्कळदा तेही नसतं. तेव्हा नाव ठेवण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसावं आणि विचारावं, लग्नाआधी तुझ्या आजीला काय म्हणायचे? ती थोडा वेळ गप्प बसते. मग एखादं नाव निघतं, जे त्या घरात सत्तर वर्षांत कुणी उच्चारलेलं नसतं.