विश्लेषण : गायिका जिवंत, तरी व्हिडीओत मृत्यूचे ‘पुरावे’? म्युझिक व्हिडीओंतील तोतयांचा शोध नेमका कसा चालतो?

कॅनडाची पॉप-रॉक गायिका अॅव्हरिल लव्हीन २००२ पासून गाते आहे. मात्र ती २००३ मध्येच मरण पावली आणि तेव्हापासून तिच्या नावावर ‘मेलिसा’ नावाची, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी मुलगी गाते आहे, असा दावा गेली अनेक वर्षे समाजमाध्यमांवर फिरतो आहे. पुरावा म्हणून पुढे केले जातात ते तिचेच म्युझिक व्हिडीओ. व्हिडीओ थांबवायचा, चेहरा मोठा करायचा, हनुवटीची ठेवण आणि अंगावरचे तीळ जुन्या व्हिडीओशी ताडून पाहायचे. मराठी वाचकाला तोतया म्हटले की पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवेल. तिथे गेलेला माणूस जिवंत असल्याची बतावणी होती. इथे उलटे आहे. जिवंत बाई समोर उभी आहे आणि ती ‘ती’ नाहीच, असे सांगितले जाते.

‘मेलिसा’ आली कुठून?

२०११ मध्ये ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषेत एक ब्लॉग सुरू झाला. ‘अॅव्हरिल मेली आहे’ अशा अर्थाचे त्याचे नाव होते. पहिल्या अल्बमच्या यशानंतर लगेच तिचा मृत्यू झाला आणि आधीपासूनच ठेवलेल्या एका ‘डुप्लिकेट’ मुलीला तिच्या जागी उभे केले गेले, अशी त्यातली कथा. एका फोटोशूटमध्ये तिच्या हातावर ‘मेलिसा’ असे लिहिलेले दिसते, हा त्यातला हुकमी पत्ता. २००४ च्या अल्बममधील ‘स्लिप्ड अवे’ हे गाणे तिने दिवंगत आजोबांसाठी लिहिले होते. शोधकर्त्यांनी त्यालाही ‘खऱ्या’ अॅव्हरिलला वाहिलेली श्रद्धांजली ठरवले.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. कटकारस्थानाच्या कथा किती खऱ्या वाटू शकतात हे दाखवण्यासाठी हे लिखाण केल्याचे त्याच ब्लॉगवर नमूद होते. ते वाक्य मागे राहिले आणि तीळ तेवढे पुढे गेले. २०१७ मध्ये ट्विटरवरच्या एका लांबलचक थ्रेडने ही कथा इंग्रजीतून जगभर पोहोचवली.

व्हिडीओंनी या कथेला भरपूर खाद्य पुरवले, हेही खरे. २००२ च्या ‘कॉम्प्लिकेटेड’मध्ये सैलसर पँट आणि गळ्यात टाय घातलेली सतरा वर्षांची मुलगी दिसते. २००७ च्या ‘गर्लफ्रेंड’मध्ये तीच मुलगी तीन भूमिकांत आहे. तिन्हींच्या केसांचा रंग वेगळा, वागणे वेगळे, आणि त्या एकमेकींशी भांडतात. दिग्दर्शकाच्या दृष्टीने ही साधी विनोदी कल्पना. पण एकदा ‘दुसरी कोणी तरी आहे’ हे डोक्यात बसले, की असा व्हिडीओ म्हणजे कबुलीजबाबच वाटू लागतो.

हा खेळ नवा आहे का?

अजिबात नाही. याचा मूळ साचा ‘बीटल्स’चा. पॉल मॅकार्टनी १९६६ मध्ये मोटार अपघातात गेला आणि त्याच्या जागी तोतया आणला गेला, ही वावडी १९६९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रात झळकली. ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटच्या एका रेडिओ केंद्रावर एका श्रोत्याने फोन करून अमुक गाणे उलटे वाजवा म्हणून सांगितले आणि पुराव्यांची शोधमोहीम सुरू झाली. दोनच दिवसांनी मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थी दैनिकात फ्रेड लाबूर या विद्यार्थ्याने ‘अॅबे रोड’ अल्बमच्या परीक्षणाच्या निमित्ताने पुराव्यांची जंत्रीच छापली. तोतयाचे ‘विल्यम कॅम्पबेल’ हे नावही त्याचेच. त्यातले बरेच काही आपण रचले होते, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. पण नाव टिकून राहिले.

मुखपृष्ठावर पॉल अनवाणी आहे, म्हणजे तो प्रेत. मागे उभ्या मोटारीच्या नंबरप्लेटवर ‘२८ आयएफ’ आहे, म्हणजे जिवंत असता तर २८ वर्षांचा असता. प्रत्यक्षात तो तेव्हा २७ चा होता, पण हिशेब कोण करतो? त्या काळी म्युझिक व्हिडीओ हा शब्द रुळलेला नव्हता, तरी चित्रफितीही सुटल्या नाहीत. १९६७ च्या ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ या टीव्हीपटातल्या एका गाण्यात चौघे पांढऱ्या सुटात जिना उतरतात. तिघांच्या कोटाला लाल फूल आणि पॉलच्या कोटाला काळे. झाला मृत्यूचा संकेत! नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने पॉलला स्कॉटलंडमधल्या त्याच्या शेतावर गाठले, तेव्हा त्याने दिलेला खुलासा अगदीच साधा होता : लाल फुले संपली होती. अनवाणी चालण्याचे कारणही तसेच, ऑगस्टमधला उकाडा.

मग चेहरा खरोखर वेगळा का दिसतो?

शोधणारे सगळेच खोटे बोलत नसतात. त्यांना फरक खरोखर दिसतो, आणि त्याला कारण आहे. २०११ मध्ये ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी एक सोपा प्रयोग केला. लोकांच्या हातात ४० फोटो दिले आणि यात जितक्या व्यक्ती आहेत तितके गठ्ठे करा, असे सांगितले. फोटो दोनच महिलांचे होते, प्रत्येकीचे २०. दोघी नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध, ब्रिटनमध्ये अनोळखी. ब्रिटिश मंडळींनी मात्र तीनपासून सोळापर्यंत गठ्ठे केले. मधला आकडा साडेसात. एकालाही बरोबर दोन गठ्ठे करता आले नाहीत. तेच फोटो डच लोकांना दिले, तर बहुतेकांनी सहज दोन गठ्ठे केले.

थोडक्यात, ओळखीचा चेहरा आपण कुठल्याही अवस्थेत ओळखतो. अनोळखी चेहऱ्याचे दोन फोटो मात्र आपल्याला सहज दोन माणसे वाटतात. आणि सेलिब्रिटी कितीही आवडती असली, तरी तिचा चेहरा आपण पाहतो तो मेकअप, प्रकाशयोजना आणि एडिटिंगमधून गेलेला. वाइड लेन्स जवळून लावली की नाक मोठे दिसते, लांबची लेन्स चेहरा सपाट करते. उलट्या छापलेल्या फोटोत उजवीकडचा तीळ डावीकडे जातो. जुने व्हिडीओ कमी रिझोल्यूशनचे, त्यातून फाइल लहान करताना बारीक तपशील पुसले जातात. तीळ गायब व्हायला तोतयाची गरज नसते.

शिवाय आकड्यांचा हिशेब आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर चार मिनिटांच्या व्हिडीओत सहा हजार चित्रे होतात. दोन व्हिडीओ समोरासमोर ठेवले की जोड्यांची संख्या कोटींत जाते. त्यात एकही विसंगत जोडी सापडली नाही, तरच आश्चर्य. जुळलेल्या हजारो फ्रेमचा स्क्रीनशॉट मात्र कोणी काढत नाही.

याची किंमत कोण मोजते?

‘मेलिसा’वाले ज्या काळाकडे ‘ती गायब का होती’ म्हणून बोट दाखवतात, तो काळ आजारपणाचा होता. २०१५ मध्ये अॅव्हरिलने आपल्याला लाइम रोग झाल्याचे आणि पाच महिने अंथरुणाला खिळून असल्याचे जाहीर केले. गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा संसर्ग वेळेत ओळखला नाही तर माणसाला पार थकवून टाकतो. नवा अल्बम यायला २०१९ उजाडले. पडत्या तब्येतीने बदललेला चेहरा हा जगासाठी पुरावा झाला. मुलाखतीमागून मुलाखतीत तिला ‘तू खरी आहेस ना’ हा प्रश्न आला. २०२४ मध्ये एका पॉडकास्टवर तिने तो हसण्यावारी नेला, याहून वाईट काही ऐकावे लागले असते, अशा सुरात.

मग खरे तोतये नव्हतेच का?

होते, पण ते तीळ मोजून सापडले नाहीत. ‘मिली व्हॅनिली’ या जोडीला फेब्रुवारी १९९० मध्ये ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते काढून घेतले गेले, कारण व्हिडीओत नाचणाऱ्या दोघांनी रेकॉर्डवर एक ओळही गायली नव्हती. संशय बळावला होता तो जुलै १९८९ च्या एका कार्यक्रमात, मागे वाजणारी ध्वनिफीत अडकून तेच शब्द पुन:पुन्हा वाजू लागले तेव्हा. अखेर कबुली दिली ती निर्माता फ्रँक फॅरियन यानेच. बदनामी मात्र जास्त झाली पडद्यावरच्या दोघांची. त्यातला रॉब पिलेटस १९९८ मध्ये वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी गेला.

आपल्याकडे पार्श्वगायन राजरोस चालते, म्हणून हे फारसे धक्कादायक वाटणार नाही. पण आपल्याकडेही ‘महल’च्या (१९४९) सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे छापले होते. आवाज लता मंगेशकरांचा होता.

अमेरिकेत असाच अन्याय मार्था वॉश या दमदार गायिकेवर झाला. ‘सी अँड सी म्युझिक फॅक्टरी’च्या १९९० च्या गाजलेल्या नृत्यगीतात आवाज तिचा, पण व्हिडीओत ओठ हलवत होती सडपातळ, तरुण झेल्मा डेव्हिस. ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन गटाच्या गाण्यांतही मार्थाच्या आवाजावर एका मॉडेलचा चेहरा लावला गेला. वॉशने न्यायालयात धाव घेतली. तडजोड झाली आणि व्हिडीओवर खुलासा टाकण्याची विनंती सोनी कंपनीने एमटीव्हीला केली : गायन मार्था वॉश यांचे, दृश्य सादरीकरण झेल्मा डेव्हिस यांचे.